पाच टन सोन्याची कुळकथा

युद्धकाळी नागरिकांनी सरकारी निधीला सोने देण्याची प्रथा स्वतंत्र भारतात १९६२ आणि १९६५ या दोन युद्धांच्या निमित्ताने रूढ झाली, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने राष्ट्रीय संरक्षण निधीला पाच टन सोने दान केल्याची कथा आजही सांगितली जाते. १७२४ पासून १९४८ पर्यंत आसफजाही अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात, आणि त्यातही त्या घराण्याची पहिली राजधानी असलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या कथेला विशेष वजन आहे. ती ऐकणाऱ्याच्या निजामाविषयीच्या मतानुसार कधी औदार्याचा पुरावा ठरते, तर कधी रयतेच्या लुटीचा. कथा खरी की खोटी एवढ्यावर हा वाद सहसा अडकून पडतो. पाच टन या आकड्याचा अर्थ काय, हा अधिक उपयोगाचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. १९६०च्या दशकात भारतातील सर्व सुवर्णखाणींचे मिळून वर्षाचे उत्पादन चार-पाच टनांच्या आसपास होते. म्हणजे कथेप्रमाणे एका वृद्ध, पदच्युत संस्थानिकाने एका दिवसात जे दिले, ते काढायला देशातील हजारो खाणकामगारांना वर्षभर जमिनीखाली राबावे लागत होते. युद्धातील सुवर्णदानाची कुळकथा पाहायची तर दान आणि खाण यांचे हे प्रमाण सतत समोर ठेवावे लागते.

सोन्याने माणूस तोलण्याचा विधी या देशात जुना आहे. जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला ६ जानेवारी १६६५ रोजी महाबळेश्वरी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी झाली आणि शिवाजी महाराजांची तुला १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर झाली. तुलादान हे धर्मकृत्य होते आणि त्याचा लाभ ब्राह्मणांना व याचकांना होई, राज्याच्या खजिन्याला नव्हे. उलट खजिन्यातूनच ते सोने बाहेर पडत असे. राज्याला युद्धासाठी पैसा लागला की तो पट्टी बसवून किंवा सावकारांकडून कर्ज काढून उभा केला जाई. त्यामुळे १९६२ नंतर पुढाऱ्यांना सोन्याने तोलून ते सोने संरक्षण निधीला देण्याचे जे समारंभ झाले, त्यांचे बाह्यरूप तुलादानाचे असले तरी त्यातील सोन्याचा प्रवाह नेमका उलट्या दिशेचा होता. ती कल्पना आधुनिक होती आणि तिचे मूळ युरोपात सापडते. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात प्रशियातील स्त्रियांनी सोन्याचे दागिने देऊन बदल्यात लोखंडी अंगठ्या घेतल्या. १९३५ मध्ये इथिओपियावरील आक्रमणामुळे निर्बंध ओढवून घेतलेल्या इटलीत मुसोलिनीने लग्नातील अंगठ्या मागितल्या आणि त्या मोहिमेत ३० टनांहून अधिक सोने गोळा झाले. दोन्ही ठिकाणी सोने मागण्याचे कारण सारखेच होते, ते म्हणजे परदेशी माल घेण्यासाठी लागणारे आणि कोणीही नाकारणार नाही असे चलन सरकारजवळ उरलेले नव्हते.

हैदराबाद संस्थानाची युद्धाला पैसा पुरवण्याची सवय मात्र याहून वेगळ्या वाटेने आली होती. इंग्रजांच्या देखरेखीखालील, पण निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या छावणीतही असे, आणि १८५७ मध्ये तिच्याच घोडदळात तेथे उठाव झाला होता. या फौजेचा पगार थकल्यामुळे १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून द्यावा लागला आणि १९०२ मध्ये तो सालाना २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा भाडेपट्ट्याने गेला. ज्या राज्याने दुसऱ्याच्या फौजेच्या पगारापायी आपला सर्वांत सुपीक कापूसप्रांत गमावला, त्याने पुढच्या पिढीत स्वेच्छेने युद्धदेणग्या द्याव्यात, यात विसंगती दिसली तरी ती वरवरची आहे. जुना अनुभव असा होता की मागितलेले देणे प्रदेश घेऊन जाते. न मागता दिलेले देणे निदान किताब आणि भरवसा मिळवून देईल, असा हिशेब त्यामागे असावा.

पहिल्या महायुद्धात उस्मान अली खानाने हैदराबादच्या इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स आणि विसाव्या डेक्कन हॉर्स या घोडदळांच्या खर्चासाठी ६० लाख रुपये दिले. पाणबुड्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी एक लाख पौंड दिले. आणि ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डीएच-नाइन-ए जातीची जी विमाने मिळाली ती त्याचीच भेट असल्याने प्रत्येक विमानावर तसा लेख रंगवलेला होता. १९१८ मध्ये त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा इतर कोणत्याही संस्थानिकाला नसलेला किताब आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त ही उपाधी मिळाली. दुसऱ्या महायुद्धातही हेच घडले. १५२ क्रमांकाच्या लढाऊ विमानांच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले, निजामाचे शिरोभूषण तिचे चिन्ह झाले आणि विश्वासू दोस्त हेच तिचे ब्रीदवाक्य ठरले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलात १९४१ मध्ये दाखल झालेली ‘निजाम’ ही विनाशिका त्याच्या पैशातून बांधली गेली. ती आधी भूमध्य समुद्रात लढली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा टोकियोच्या उपसागरात हजर होती.

या देणग्यांचा पैसा खाणीतून आला नव्हता, हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ‘गोवळकोंड्याचे हिरे’ हे शब्द एकदा कानावर पडले की हैदराबादची सारी श्रीमंती जमिनीखालून निघाली असा समज पक्का होतो. हिऱ्यांच्या त्या खाणी आसफजाही काळाच्या उत्तरार्धात केवळ नावापुरत्या उरल्या होत्या. संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः जमीनमहसुलाचे होते आणि त्याशिवाय ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामाची स्वतःची खासगी जमीन होती, जिचा वसूल राज्याच्या खजिन्यात न जाता थेट त्याच्याकडे जाई. ही व्यवस्था १९४९ मध्ये मोडली. मराठवाड्यातील कुणबी आपला सारा हाली सिक्क्यात भरीत असे. हाली सिक्का म्हणजे संस्थानाचे स्वतःचे चलन. इंग्रजी रुपयाला येथे ‘कलदार’ म्हणत आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्यांचा साधारण भाव होता. लंडनला पौंडात पोहोचलेली प्रत्येक देणगी आधी अशा हाली रुपयांत, कापूस, ज्वारी आणि करडईच्या रानांतून जमा झालेली होती. विमानांवरील लेखात नाव निजामाचे होते, आणि तो लेख ज्यांच्या साऱ्यावर रंगवला गेला त्यांना विमान म्हणजे काय हे तोवर ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

खनिजांपैकी संस्थानाला खरे उत्पन्न दिले ते कोळशाने. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना १८७१ मध्ये येल्लंदूच्या परिसरात कोळसा आढळला. हैदराबाद डेक्कन कंपनीने तो काढायला सुरुवात केली आणि १९२० मध्ये त्यातून सिंगरेणी कॉलियरीज कंपनी उभी राहिली. याच डेक्कन कंपनीच्या खाणसवलतीचा व्यवहार इतका वादग्रस्त ठरला की १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीला त्याची चौकशी करावी लागली.

सोन्याचे मात्र वेगळे होते. औरंगाबाद शहर आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसातून थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक आणि अकीक मिळतात. सोने मिळत नाही. सोने सापडते ते त्याहून कितीतरी प्राचीन अशा, धारवाडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या पट्ट्यांत, जे कर्नाटकात उघडे पडलेले आहेत. अशा एका पट्ट्यात, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील रायचूर जिल्ह्यात, हट्टीची खाण आहे. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खोदकामाच्या खुणा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका कंपनीने ते काम पुन्हा चालू केले, १९२०च्या सुमारास ते थांबले, आणि १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापून ते नव्याने सुरू झाले. म्हणजे जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या निजामाच्या राज्यात, त्या वर्षी एकही मोठी सोन्याची खाण चालू नव्हती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायचूर म्हैसूरकडे गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि खाणीच्या नावातून हैदराबाद गळून हट्टी आले.

देशाचे खरे सोने कोलारला निघत होते. १८८०च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने म्हैसूर संस्थानात सुरू केलेल्या त्या खाणींनी १९०५ मध्ये सुमारे १९ टन सोने दिले, आणि तोच त्यांचा कळस ठरला. त्यानंतर खाण जितकी खोल गेली तितकी दगडातील सोन्याची मात्रा घटली. चॅम्पियन रीफ या भागात माणसे तीन किलोमीटरहून अधिक खोल उतरत होती, तिथला खडक तापलेला असे आणि दाबामुळे फुटून अंगावर येत असे. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने या खाणी ताब्यात घेतल्या आणि १९६२ च्या अखेरीस त्या केंद्राच्या अर्थखात्याकडे आल्या. खाण अर्थखात्याकडे जावी, यातूनच त्या काळचे सरकार सोन्याकडे खनिज म्हणून नव्हे तर चलन म्हणून पाहत होते, हे स्पष्ट होते. कोलारची एकूण कामगिरी सुमारे सव्वाशे वर्षांत ८०० टनांच्या आसपास आहे.

८०० टन हा आकडा मोठा वाटतो, पण रिझर्व्ह बँकेने १९५८ मध्ये भारतीयांकडील खासगी सोन्याचा जो अंदाज मांडला तो साडेदहा कोटी औंसांचा, म्हणजे ३,२०० टनांहून अधिक होता. कोलारने आपल्या साऱ्या आयुष्यात जेवढे दिले त्याच्या चौपट सोने पेट्या, कोनाडे आणि गळे यांत होते, आणि त्यातील बहुतेक परदेशी होते. इसवी सनाच्या आरंभी पैठण आणि तेर येथील कापड भडोचच्या बंदरातून रोमन जगात जाई आणि मोबदल्यात नाणी येत, तेव्हापासून ही आवक सुरू आहे. मराठी दागिन्यांतील पुतळ्यांची माळ मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून घडलेली आहे. औरंगाबादेतही मोगल व आसफजाही काळात ‘खुजिस्ता बुनियाद’ या नावाने टांकसाळ चाले, पण तिला लागणारा धातू बाहेरून येई. येथे सोने खणले गेले नाही, विकत घेतले गेले. आणि ते विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शृंगार कमी आणि दुष्काळाची तरतूद अधिक होती.

इंग्रज सरकारला या साठ्याची कल्पना पहिल्या महायुद्धात आली. १९१७ मध्ये आयात होणारे सोने सरकारलाच विकण्याची सक्ती झाली आणि १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या राजटांकसाळीची शाखा उघडून सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली, कारण युद्धकाळात चांदीचा तुटवडा होता आणि शेतमालाचे पैसे कागदी नोटांत घ्यायला खेड्यातील माणूस तयार नव्हता. त्यानंतर जे घडले ते दानापेक्षा शिकवणारे आहे. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, सोन्याचा भाव चढला, शेतमालाचे भाव मात्र जागतिक मंदीत कोसळलेले होते. सारा आणि सावकाराचे व्याज भागवण्यासाठी शेतकऱ्यांनी दागिने मोडले आणि त्या दशकात ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. त्याला अर्थतज्ज्ञ हलाखीचे सोने म्हणतात. त्याचा आकार पाहून पुढच्या सरकारांनी एक गोष्ट लक्षात ठेवली असावी: या देशात खाणीपेक्षा घर अधिक सोने देऊ शकते, फक्त ते बाहेर काढण्यासाठी भीती, गरज किंवा भावना यांपैकी काहीतरी लागते.

भावनेचा मार्ग १९६२ मध्ये खुला झाला. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि त्याच पडझडीच्या दिवसांत राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन झाला. हा निधी ऐच्छिक देणग्यांवर चालतो; त्याची कार्यकारी समिती पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली असते आणि संरक्षण, गृह व अर्थ या खात्यांचे मंत्री तिचे सदस्य असतात. महाराष्ट्रात या भावनेला आणखी एक धार होती, कारण दोनच वर्षांपूर्वी अस्तित्वात आलेल्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पंडित नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य घरोघरी झाले. सभांतून पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्रे उतरवून दिली गेली. देणारीच्या दृष्टीने ते स्त्रीधन होते, म्हणजे कायद्याने आणि रूढीने जी थोडी मालमत्ता तिची स्वतःची मानली जाई तिच्यातील भाग; आणि हे लक्षात घेतले तर दोन तोळ्यांच्या त्या दानाचे मोल संस्थानिकाच्या क्विंटलांशी तोलून काढता येत नाही. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही दंतकथेत नाहीत.

सरकारला मात्र केवळ दानावर अवलंबून राहता येत नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी साडेसहा टक्के व्याजाचे, १९७७ मध्ये परतफेडीचे सुवर्णरोखे काढले. सुवर्णरोखा म्हणजे सरकारला सोने देऊन घेतलेली लेखी हमी. देणाऱ्याला दरवर्षी व्याज मिळते आणि मुदतीअंती मोबदला. याचा हिशेब आंतरराष्ट्रीय दराने, म्हणजे दहा ग्रॅमला सुमारे ५३ रुपये ५८ पैसे असा होता, तर देशातील बाजारभाव त्याच्या दुपटीच्या घरात. तेव्हा रोखा घेणारा पहिल्याच दिवशी निम्मे गमावत होता. त्याची भरपाई म्हणून सोने कुठून आले हे न विचारण्याची आणि करातून सूट देण्याची सवलत दिली गेली. या रोख्यांत सुमारे १६ टन सोने आले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण नियम आले: १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी आणि दागिन्यांव्यतिरिक्तचे सोने जाहीर करण्याची सक्ती. त्याचा फटका ज्यांना बसला ते सोने साठवणारे नव्हते, ते घडवणारे होते. शहरांच्या सराफ्यांत आणि तालुक्याच्या बाजारपेठांत पिढीजात काम करणारा सोनार एका फटक्यात बेकार झाला, कारण १४ कॅरटचे सोने कडक असते, नीट वळत नाही, आणि गिऱ्हाईकही ते मागत नव्हते. १९६६ मध्ये शुद्धतेची ही अट काढली गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला, आणि मधल्या काळात चोरट्या आयातीला जी बरकत आली तिचा इतिहास मुंबईच्या किनाऱ्यावर वेगळा लिहिता येईल.

१९६५ मध्ये मार्च महिन्यात सात टक्क्यांचे, १९८० मध्ये परतफेडीचे रोखे निघाले आणि त्यांना सहा टनांच्या आसपास प्रतिसाद मिळाला. सप्टेंबरातील पाकिस्तान युद्धानंतर, ऑक्टोबरमध्ये, ‘राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे १९८०’ ही तिसरी योजना आली. तिचे वैशिष्ट्य असे की सरकारने सोन्याच्या बदल्यात पंधरा वर्षांनी पैसे नव्हे, सोनेच परत देण्याचे वचन दिले. या योजनेत साडेतेरा टनांच्या आसपास सोने आले. तिन्ही योजनांची बेरीज सुमारे ३६ टन, म्हणजे देशातील खाणींचे सात-आठ वर्षांचे उत्पादन होते. सरकारने लोकांकडे मागणे हा भाबडेपणा नव्हता, तो हिशेब होता.

निजामाचे सोने याच तिसऱ्या योजनेत आले. डिसेंबर १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री हैदराबादला गेले असता त्यांनी जाहीर सभेत निजामाचे अभिनंदन केले ते ४ लाख २५ हजार ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो सोने सुवर्णरोख्यांत गुंतवल्याबद्दल. त्यात जुन्या मोहरा होत्या. गुंतवणूक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण अलीकडे माहिती अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीकडून पाच टनांच्या दानाची काही माहिती नसल्याचे उत्तर आले. हे उत्तर योग्यच होते. रोखे हा निधीचा विषय नव्हता. ४२५ किलो हे या तिसऱ्या योजनेत जमलेल्या सोन्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरते. हैदराबादची अशरफी ११ ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची असल्याने, सारे सोने अशा नाण्यांत धरले तर ती ३८ हजारांच्या घरात जातात. पाच टन असते तर योजनेतील एक तृतीयांशाहून अधिक सोने एकट्या माणसाचे ठरले असते, आणि असे असताना पंतप्रधानांनी जाहीर सभेत त्याच्या बाराव्या हिश्श्याचेच आभार मानले असते, हे संभवत नाही.

मग ४२५ किलोंचे पाच टन कसे झाले? एक कारण निजामाच्या जुन्या कीर्तीत आहे: ज्याने विमाने आणि विनाशिका भेट दिल्या तो सोने उसने कसे देईल, असे मन धरून बसते, आणि जुन्या देणग्यांचा रंग नव्या रोख्यांवर चढतो. दुसरे कारण त्या काळच्या वातावरणात आहे. रोखे आणि देणगी यांची आवाहने एकाच व्यासपीठावरून, एकाच वक्त्याच्या तोंडून, जवानांच्या नावाने होत; श्रोत्याला दोहोंतील फरक सांगण्यात कोणाचाच फायदा नव्हता. हा घोळ निजामापुरता नव्हता. शास्त्रीजींच्या तुलेसाठी राजस्थानातील छोटी सादडी येथे १९६५ मध्ये जमलेल्या सुमारे ५७ किलो सोन्याचे पुढे काय करायचे, ते कोणाचे, यावरून जो वाद झाला तो कोर्टकचेऱ्यांतून कित्येक दशके चालला. लोखंडी पेट्यांचा किस्साही याच मुशीतला आहे. निजामाने सोने दिले, पण पेट्या परत मागितल्या, असे तो सांगतो आणि औदार्याबरोबर त्याच्या प्रसिद्ध कंजूषपणालाही एका वाक्यात जागा करून देतो. दंतकथा टिकते ती अशा कारागिरीमुळे.

मराठवाड्याच्या वाचकाला या सोन्याबाबत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच खजिन्यातून १९४७-४८ च्या सुमारास वीस कोटी रुपयांच्या रोख्यांचे कर्ज पाकिस्तानला देऊ केले गेले होते, आणि हैदराबाद भारतीय फौजांच्या हाती आल्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, लंडनच्या बँकेतील निजाम सरकारच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवली गेली होती. ती परत घेण्याची सूचना निजामाने लगेच दिली, तरी रक्कम अडकून पडली आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत तशीच राहिली. १९६५ ची गुंतवणूक या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. सतरा वर्षांपूर्वी ज्याच्या निष्ठेबद्दल शंका घेतली गेली त्याने, पाकिस्तानशी झालेल्या युद्धानंतर, भारत सरकारच्या वचनावर पंधरा वर्षांसाठी सोने ठेवणे ही राजकीय कृती होती, आणि तिचे महत्त्व ती दान नव्हती म्हणून कमी होत नाही. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, काळाचा हिशेब त्याने मिटत नाही, हेही तितकेच खरे.

व्यवहार म्हणून तो तोट्याचाही नव्हता. फेब्रुवारी १९६७ मध्ये निजामाचे निधन झाले. रोख्यांची मुदत १९८० मध्ये संपली तेव्हा १९६५ मध्ये दहा ग्रॅमला शंभराच्या आत असलेले सोने हजारांत गेले होते आणि परतफेड सोन्यात व्हायची होती. ज्या स्त्रियांनी बांगड्या निधीला दिल्या होत्या त्यांना १९८० मध्ये काही परत मिळायचे नव्हते. दान आणि गुंतवणूक यांतला फरक त्या वर्षी तोळ्यांत मोजता आला असता.

कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. हट्टी चालू आहे आणि वर्षाला दीड टनाच्या आसपास सोने देते, तर देशाची आयात शेकडो टनांची आहे. दान आणि गुंतवणूक यांतला फरक कायद्यातही नोंदलेला होता: १९६१ च्या आयकर कायद्यात भांडवली मालमत्तेची व्याख्या करताना जी वगळणूक केलेली होती तिच्यात साडेसहा टक्क्यांचे १९७७ चे सुवर्णरोखे, सात टक्क्यांचे १९८० चे सुवर्णरोखे आणि राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे १९८० या तिघांची नावे लिहिलेली होती. राष्ट्रीय संरक्षण निधीचे नाव त्याच कायद्यात वेगळ्या कलमाखाली, देणग्यांच्या यादीत होते.